हिरव्या पडद्यासमोरचा चुडा

मी लग्नांचं मिक्सिंग करते. पनवेलच्या जुन्या बाजारात कापडाच्या एका दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. नवरा शूटिंग करतो आणि मी कॉम्प्युटरसमोर बसून त्या पसाऱ्यातून हळद, लग्न, वरात वेगळी काढते. "म्हणजे गुलाबाच्या पाकळीत नवरा-नवरी गोल फिरवता तेच ना?" असं एका दीडशहाण्याने मला विचारलं होतं. हो, तेच. फिरवते. आणि मी एक अख्खा अंतराळाचा सिनेमासुद्धा केलाय. 'संकलन' या शब्दापुढे त्यात माझं नाव आहे, एकटीचं. ज्याला बघायचंय त्याने खुशाल यावं, चहा पाजून दाखवते.

सिनेमा गव्हाणच्या एका पोराचा. पोरगा म्हणायचं आपलं, तिशी उलटलेला बाप्या आहे. त्याच्या बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ मी केला होता, तिथली ओळख. तळोज्याच्या एका कंपनीत शिफ्टची नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी गोष्ट लिहायची, असं त्याचं चाललेलं. गोष्ट अशी, की समुद्र चढत चढत खाडीकाठच्या गावात शिरतो आणि सगळं गाव एका यानात बसून दुसऱ्या ग्रहावर राहायला निघतं. गाव उठवणं म्हणजे काय, हे विमानतळासाठी गावं उठलेल्या आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मला तर गोष्ट ऐकता ऐकताच रडू फुटलं. मी म्हटलं, "अरे, बाहेरचा एडिटर कशाला शोधतोस? मी काय मेलेय?"

यान उलव्यात उभं राहिलं, एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर. भिंतींना मांडववाल्याकडचं चंदेरी कापड, छताला लग्नातल्याच दिव्यांच्या माळा आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणातून कापून काढलेली गोल खिडकी. खिडकीबाहेर आणि मागच्या भिंतीवर हिरवा पडदा. या पडद्याला आम्ही क्रोमा म्हणतो. हिरव्यासमोर माणूस उभा करायचा, मग कॉम्प्युटरला सांगायचं की हिरवं तेवढं उडव आणि तिथे दुसरं चित्र घाल. मी असं करून कितीतरी जोडपी बर्फाच्या डोंगरात उभी केली आहेत. इथे बर्फाच्या जागी तारे घालायचे होते, एवढाच फरक.

गावातल्या बायका यानातले प्रवासी होणार होत्या. दिग्दर्शकाने, म्हणजे त्याच पोराने, सगळ्यांना बजावलं होतं, "हिरवं काही घालून येऊ नका, नाहीतर तुम्ही गायब व्हाल." बायकांनी ते इतकं मनावर घेतलं, की एकीच्या साडीच्या काठात हिरवी वेल होती, तर ती घरी जाऊन साडी बदलून आली. सगळ्या लाल, पिवळ्या, निळ्या होऊन हजर. आणि प्रत्येकीच्या मनगटात हिरवा चुडा!

आता हसा. पण चुडा कुणी 'घालून' येतं का हो? तो असतोच. नाक घालून आले असं कुणी म्हणतं का? बायकांना ते सुचलं नाही, दिग्दर्शकाला सुचलं नाही, कॅमेरा धरणाऱ्या माझ्या नवऱ्याला सुचलं नाही. मी तिथे दिवसभर उभी होते, माझ्याही हातात हिरव्याच बांगड्या होत्या, आणि मलाही काही खटकलं नाही.

लग्नसराई संपल्यावर मी पहिल्यांदा त्या दृश्यातलं हिरवं उडवलं आणि डोक्याला हात लावला. पडदा गेला, तारे आले, आणि सगळ्या बायकांच्या पंजा आणि कोपराच्या मध्ये, जिथे बांगड्या होत्या तिथे, आरपार तारे दिसायला लागले. तुटके हात हवेत तरंगतायत! देवा रे, मला आधी हसू आलं आणि मग मी एकेक शॉट उघडून बघितला, सगळीकडे तेच.

सगळ्यात वाईट अवस्था शेवटच्या शॉटची होती. त्यात दिग्दर्शकाची आई आहे. यान निघालंय, आणि ती त्या गोल खिडकीच्या काचेला हात टेकून लांब जाणाऱ्या पृथ्वीकडे बघते. बस, एवढंच. एक शब्द नाही. पण त्या बाईच्या चेहऱ्यावर जे काही आहे ना, ते मोठमोठ्या नट्यांना जमायचं नाही. आणि तिचा तो काचेवरचा हात मनगटात तुटलेला!

त्या पावसाळ्यात दिग्दर्शकाचे वडील गेले. सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली आणि संपलं. शूटिंगला ते रोज यायचे, कुणी दिवा, उजेड परतवायचा थर्माकोल, काहीही धरायला सांगितलं की मुकाट्याने धरून उभे राहायचे. दिवसपाणी झाल्यावर पोरगा ऑफिसात आला, तेव्हा मी भीतभीतच त्याला बांगड्यांचं सांगितलं. त्याने अंधेरीतल्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला, जो मोठ्या सिनेमांचं असं काम करतो. माणूस भला होता, सल्ला चोख दिला. म्हणाला, बांगड्या एकेका फ्रेममध्ये हाताने राखत बसलात तर जन्म जाईल, त्यापेक्षा तेवढा भाग कातडीच्या रंगाने बुजवून टाका, कुणाच्या लक्षातही येणार नाही.

"ताई, बुजवून टाक," पोरगा म्हणाला. महोत्सवाला सिनेमा पाठवायची मुदत तोंडावर आली होती.

"अरे, पण तुझ्या आईचा हात मोकळा दिसेल."

"आता मोकळाच आहे ना," असं म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

चारेक दिवसांनी त्याची आईच आली. तहसील कचेरीत दाखल्याचं काम होतं, तिथून पायीच आली होती. जिना चढून दम लागलेला. मी पाणी दिलं. तिने पदर डोक्यावर सारखा केला, तेव्हा तिची मनगटं दिसली. आमच्यात नवरा गेला की बायकोच्या बांगड्या फोडतात. मला या रीतीचा संताप येतो, तळपायाची आग मस्तकात जाते. इतकी वर्षं हातात खळखळणारी वस्तू, आणि नेमकी दुःखाच्या दिवशी चार बायका येऊन ती दगडाने फोडणार!

"मना दाव गो बाय माझं काम," ती म्हणाली.

काय करणार? दाखवलं. स्क्रीनवर तारे, चेहरा आणि तुटलेला हात.

"अगो, माझा हात खं गेला?"

मी तिला सगळं समजावलं आणि मग मूळ शॉट लावला, हिरव्या पडद्याचा. त्यात चुडा जसाच्या तसा होता. ती खुर्ची ओढून स्क्रीनच्या अगदी जवळ गेली आणि कितीतरी वेळ बघत बसली. मी शॉट पुन्हा पुन्हा लावत राहिले.

"पोरगा सांगत होता, बुजवायच्या हायेत म्हनून."

"मावशी, तुम्ही सांगाल तसं करते."

"ठेव," ती म्हणाली. "सिनेमात कुनी फोडायला येनार नाय."

मी मान खाली घालून कीबोर्ड पुसायला लागले. त्या क्षणी ठरलं. मुदत गेली खड्ड्यात, महोत्सव गेला खड्ड्यात, ही बाई पडद्यावर चुडा घालूनच जाणार.

संध्याकाळी पोराला फोन करून सांगितलं. तो भडकला. "ताई, बांगड्या कोण बघणार आहे?"

"असल्या तर कुणी बघणार नाही. नसल्या तर तुझं सगळं गाव तेच बघत बसेल."

"निदान फक्त आईच्या कर, बाकीच्यांच्या सोड."

हे मला कुणी सांगायचं? मी लग्नाचं काम करणारी बाई आहे. एक मामी व्हिडिओतून सुटली तर दोन घरांचं बोलणं बंद होतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. एकीच्या हातात चुडा आणि शेजारणीचा हात रिकामा, असलं काम माझ्या ऑफिसातून बाहेर जाणार नाही म्हणजे नाही. तसं त्याला स्पष्ट सुनावलं. तो म्हणाला, "तुझ्यापुढे हात टेकले." मी म्हटलं, टेक.

आणि बसले. काम कसं, तर शॉटमधलं एकेक चित्र थांबवायचं, त्यातल्या बांगड्यांच्या कडेने रेघ ओढायची, तेवढं हिरवं राखायचं आणि पुढच्या चित्रावर जायचं. हात जरा हलला की रेघ पुन्हा. त्यात बांगडी काचेची. काचेतून मागचं थोडं दिसतं, म्हणून तिच्यात मागच्या पडद्याचं हिरवं मिसळलेलं. नुसती राखली तर प्लॅस्टिकची वाटायची. मग मी काय केलं, नवऱ्याचा काळा कोट भिंतीला टांगला, टेबलावरचा दिवा पेटवला आणि माझाच हात त्या कोटासमोर धरून बघितलं. काळोखासमोर हिरवी काच जवळजवळ काळी दिसते आणि कडेला फक्त एक बारीक चकाकी असते. ती चकाकी मी प्रत्येक बांगडीवर बसवली. हे मला कोणत्या शाळेत शिकवलेलं नाही. डोक्यावरून विमानं जात होती, खाली बाजारात भाजीवाल्या ओरडत होत्या, आणि मी आपली एकेका बाईच्या हातात चुडा भरत होते. डोळे चुरचुरायचे, मान आखडायची. नवरा डबा आणून ठेवायचा आणि गुपचूप निघून जायचा. पण खरं सांगते, इतकी खूश मी उभ्या आयुष्यात नव्हते.

मुदत पाळली. कशी पाळली ते विचारू नका. अंधेरीच्या माणसाला पोराने तयार शॉट पाठवला, तर त्याचा मला फोन आला, "मॅडम, हे कुणाकडून करून घेतलंत?" मॅडम! मी म्हटलं, "मीच केलंय. पनवेलात." तो म्हणाला, "सलाम आहे." मी तो फोन स्पीकरवर टाकून नवऱ्याला ऐकवला.

महोत्सवात सिनेमा निवडला गेला, पण माझ्या लेखी खरा खेळ पनवेलचाच. हॉल घेतला होता, गव्हाणहून टेम्पो भरून बायका आल्या होत्या. स्वतःला पडद्यावर बघून काय तो गोंगाट! "मी बग, मी बग! अगो, तुजं प्वाट बग!" हसून हसून पुरेवाट झाली. समुद्र गावात शिरला तेव्हा रडल्या, यानाला टाळ्या वाजवल्या. बांगड्यांबद्दल एकीनेही चकार शब्द काढला नाही. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते आणि अभिमानाने माझी छाती फुलून आली होती.

बाहेर दिग्दर्शकाच्या आईने माझा हात धरला. "मना त्यो फोटो काडून दे, मोटा."

मी शेवटच्या शॉटमधलं सगळ्यात चांगलं चित्र निवडलं, छापलं, फ्रेम करून घेतलं आणि स्वतः गव्हाणला घेऊन गेले. भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो, त्याला चंदनाचा हार. पोराने त्याच्या डाव्या बाजूला खिळा ठोकला. तिची जाऊ तिथेच तांदूळ निवडत बसली होती. तिने नाक मुरडलं, "जित्या मानसाचा फोटो मेलेल्याच्या शेजारी लावतात काय?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "या अंगाला नको. पल्याड लाव."

"अगं, काय फरक पडतो?" हातातली हातोडी तशीच धरून पोरगा म्हणाला.

"हिकडं लावला तं मी चुलीकडं बगते. तवा मी त्यांच्याकडं बगत होते. तू सांगितलास पृथ्वी बग, पन पृथ्वी होती खं? नुसता हिरवा कापड. त्याच्या कडंला, क्यामेऱ्यात येनार नाय असं, तुजं बाबा थर्माकोल धरून उबं होते. मी त्यांनाच बगला."

पोराला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. तिची नजर जिथे जाते, बरोबर त्या रेषेत मी पृथ्वी बसवली होती. आणि ती हळूहळू लांब नेली होती.

मग मी त्याच्या हातातून हातोडी घेतली, खिळा उपटला आणि उजव्या बाजूला ठोकला. फोटो टांगला, मागे सरकले, एक डोळा बारीक करून बघितलं. जरासा वाकडा होता, तो सरळ केला. नजर बरोबर त्यांच्यावर जात होती.