दामू हिलमचे उंदीर

पोस्टिंग पूर्वेच्या सीमेवर होतं. डोंगराच्या सोंडेवर पोस्ट, चहूकडे बांबूचं रान, खाली नाला. सेक्शन कमांडर मी, हवालदार. लान्स नाईक दामू हिलम माझ्या हाताखाली. मी साजगावजवळच्या शेतकऱ्याचा पोरगा, तो खालापूरच्या वरच्या अंगाला असलेल्या कातकरीवाडीचा. चारचौघांत मला ‘उस्ताद’ म्हणायचा, दोघंच असलो की ‘दादा’.

रोजचं काम ठरलेलं. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चात सज्ज राहायचं, मग गस्त, शस्त्रसफाई, ड्यूटी. रेशन खालून पोर्टर पाठीवर घेऊन येत. त्या पावसाळ्यात दरड कोसळली आणि वाट गेली. हेलिकॉप्टर ढगामुळे येईना. रोज सकाळी रेडिओवर मी विचारायचो, रोज तेच उत्तर.

“वेदर क्लिअर नाही. होल्ड करा. ओव्हर.”

होल्ड करा! काय खाऊन होल्ड करा, ते कुणी सांगेना. पीठ संपलं, डाळ संपली. रेडिओ ऑपरेटर तापाने फणफणलेला, पोटात काही नाही. तेव्हा दामू माझ्याकडे आला.

“उस्ताद, परमिशन द्या. रानात उंदीर हायत. खारी पण हायत.”

“धूर दिसेल.”

“या ढगात आपला हात आपल्याला दिसंना. धूर कुनाला दिसतो?”

मी परमिशन दिली. बिळाच्या एका तोंडाशी ओला पाला पेटवून तो धूर आत फुंकायचा आणि दुसऱ्या तोंडाशी हात धरून बसायचा. खारींसाठी जुन्या सिग्नल वायरचे फासे फांदीवर लावायचा. मारलेलं जनावर जाळावर धरून केस जाळायचे, खरवडायचं, पोट साफ करायचं, तुकडे करून शिजवायचं. शिपाई शिंदे तोंड फिरवून बसला. म्हणाला, “मेलो तरी उंदीर खाणार नाही.”

“नको खाऊस. नुसता रस्सा पी,” दामू म्हणाला. “रश्श्याला मिशा नसत्यात.”

दुसऱ्या दिवशी शिंदेने तुकडेही मागून घेतले. ऑपरेटर उठून बसला. पोस्ट आम्ही सोडली नाही.

ढग फाटले तेव्हा रिलीफ पार्टी खालून निघाली. त्यांच्यासाठी नाल्यावर दोर बांधायला दामू उतरला. दोर बांधून झाला होता. वरून दरड आली. मी हाक मारली, त्याने वर बघितलं. बस, एवढंच. त्याला आम्ही हातांनी उकरून काढलं. त्याने बांधलेल्या दोराला धरून रिलीफ पार्टी वर आली.

यंदा वाडीच्या फाट्यावर त्याच्या नावाची कमान उभी राहिली. उद्घाटनाला मला बोलावलं. भाषणाआधी आयोजकांपैकी एक गृहस्थ मला बाजूला घेऊन गेले. शिकलेला माणूस, कडक इस्त्रीचे कपडे.

“हवालदारसाहेब, तेवढं उंदरांचं नको. कंदमुळं खाल्ली म्हणा. मोठे पाहुणे आलेत. शोभत नाही.”

माझं टाळकंच सरकलं. शोभत नाही? भातकापणी झाली की हेच लोक वाडीवर निरोप धाडतात, बांध पोखरलेत, या रे, उंदीर काढा. तेव्हा शोभतं! कातकऱ्याने पकडलेला उंदीर चालतो, त्याने खाल्लेला चालत नाही. आणि ज्याच्या जिवावर दहा माणसं जगली, त्याच्या कमानीखाली उभं राहून मी खोटं बोलू? त्याची आई पहिल्या रांगेत बसली होती. खुर्ची दिली होती तरी खाली, सतरंजीवर.

मी माइक घेतला. “लान्स नाईक दामू हिलमने आम्हाला उंदीर खाऊ घातले. खारी खाऊ घातल्या. त्याने स्वतः पकडल्या, स्वतः रांधल्या. म्हणून मी आज इथे उभा आहे. ज्यांना किळस येते त्यांनी खुशाल उठून जावं. माझ्या अंगात त्याच अन्नाचं रक्त आहे, मला लाज वाटत नाही.”

कुणी उठलं नाही. टाळ्याही वाजल्या नाहीत. मागे वाडीच्या बायका बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली. मी खाली उतरलो आणि त्याच्या आईपुढे बसलो. तिने माझा हात धरला.

“मीठ व्हतं का रं?”

“नव्हतं, मावशे. संपलं व्हतं.”

ती म्हणाली, “आळणी त्याला जात नसं. ल्हानपनापास्नं. ताटावरनं उठून जायाचा.”

मी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. पाहुणे बघत होते, बघू देत.

“उठला नाय, मावशे,” मी म्हणालो. “आमी खावं म्हणून रोज पयला घास तोच घ्यायचा.”