काउंटरवरची पंगत

सत्यवतीबाई एकट्या सिकंदराबादला जाऊन जपानी नूडल्स खाऊन आल्या, हे हैदराबादच्या नल्लकुंट्यात कुणाला सांगितलं असतं तर शपथ घेतली तरी पटलं नसतं. अहो, ज्या बाईनं अठ्ठावन्न वर्षांत हॉटेलात पाऊल टाकलं ते इराण्याकडच्या चहापुरतं, आणि तेही नवऱ्याच्या मागं मागं! पण गेल्या खऱ्या. कारण होतं त्यांचा मुलगा कुलदीप.

कुलदीप कॉम्प्युटरवाला. कंपनीनं त्याला जपानला, नागोयाला धाडलं आणि तो तिथलाच झाला. बायको तेजश्री, सहा वर्षांची ईशा, सगळे तिकडं. बाईंचे यजमान बस डेपोत मेकॅनिक होते, त्यांना जाऊन तीन वर्षं होत आलेली. तेव्हापासून दोन खोल्यांत बाई एकट्या. सकाळी एक भाकरी थापायची, ओट्याशी उभ्यानंच खायची, उरली तर संध्याकाळी तीच. ताट घेऊन बसायचं तरी कुणासमोर? एकटेपणा वाईट हो. कधी कधी दिवसभरात तोंडातून शब्द निघायचा तो दूधवाल्याशीच.

"आई, कायमची ये इकडं," कुलदीप म्हणत होता. बाईंचा जीव तर कधीचाच तिकडं लागलेला. पण शेजारच्या केशवरावांनी बिब्बा घातला. "वैनी, तिकडं कच्चे मासे खातात म्हणे. तुमचं कसं व्हायचं?" झालं! बाईंच्या मनात पाल चुकचुकली. कोंबडी-मटणाचं वावडं नव्हतं, उदगीरकडच्या शेतकऱ्याची लेक ती. पण कच्चं? दोन महिने नुसतं येते-नाही येत चाललं. शेवटी कुलदीपनंच तोड काढली. सिकंदराबादला एका जपानी म्हाताऱ्यानं रामेनचं दुकान टाकलं होतं. शिजवलेल्या रश्श्यातल्या नूडल्स, त्याही हातानं केलेल्या, आणि बाहेर रोज ही रांग.

"इकडं आम्ही हेच खातो," कुलदीप म्हणाला. "एकदा खाऊन बघ. घशाखाली उतरलं तर मी तिकीट काढतो. नाही तर तुला कुणी ओढत नेणार नाही."

मग एका शनिवारी दुपारी बाईंनी ठेवणीतली इरकली काढली आणि बस धरली. रांग होतीच. गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली कंपन्यांमधली पोरंपोरी, आणि त्यांच्यात डोक्यावरचा पदर सावरत या. पाऊण तासानं नंबर लागला. आत टेबलं नव्हतीच. एक लांबच लांब फळी, तिच्यापुढं ओळीनं दहा स्टुलं, आणि फळीपलीकडं तो म्हातारा. पीठ लाटत होता, घड्या घालत होता, रुंद सुरीनं सपासप कापत होता. बाई बघतच राहिल्या. पीठ चांगलं मुरलंय, त्या मनात म्हणाल्या. जन्मभर हातशेवया केलेली बाई, तिला काय सांगावं लागतं!

वाढणाऱ्या पोरीनं वाडगा पुढ्यात ठेवला. कोंबडीचा रस्सा, वर अर्धं अंडं, कांद्याची पात, वाफ नाकापर्यंत. काड्या बघून बाई गांगरल्या, तसा तिनं काटा आणि चमचा दिला.

आता खावं की नाही? पण बाई हात मांडीवर ठेवून बसल्या. का? तर ओळीतल्या शेवटच्या दोघांना अजून मिळालं नव्हतं. बाईंच्या सासरी नियमच तसा. शेवटच्या पानात पडल्याशिवाय पहिल्यानं घास उचलायचा नाही, मग पंगत लग्नाची असो की घरातल्या चार माणसांची. तीन वर्षांत त्या कुणाच्या ओळीला बसल्या नव्हत्या. आज बसल्या आणि हात आपसूक थांबला. डावीकडचा पोरगा भुरके मारत निम्म्यावर आला, तेव्हा बाईंना त्याचीच लाज वाटली. काय हे वळण!

शेवटच्या दोघांना मिळालं. तेवढ्यात मधली मुलगी खाऊन उठली आणि तिच्या जागी नवा माणूस येऊन बसला. त्याच्यापुढं रिकामं. त्याला मिळतंय तोवर उजवीकडचा उठला, तिथं दुसराच कुणी टेकला. आली का पंचाईत! ही पंगत काही संपेना. इकडं वाडग्यातल्या नूडल्स फुगून बसल्या.

म्हाताऱ्याला राहवलं नाही. सुरी ठेवून तो समोर आला. "अम्मा, खाना, खाना. नूडल खराब होता."

"हौ, खातूँ," बाई म्हणाल्या आणि उजवीकडच्या माणसाकडं हात केला. "इनका आने देओ पैले."

तो माणूस चमकला. "मेरा? मैं तो आपको जानता भी नहीं, आंटी. आप खाओ ना."

हसूनच म्हणाला बिचारा, पण बाईंचा चेहरा उतरला. खरंच की. कोण कुणाचं इथं? म्हाताऱ्यानं तो वाडगा उचलला, ताज्या नूडल्स उकळून नवा वाडगा ठेवला आणि बाईंनी पहिला घास घेईपर्यंत समोरून हलला नाही. बाईंनी खाल्लं. आणि काय सांगू, आवडलं! वाडगा तोंडाला लावून रस्सा संपवला.

म्हणजे परीक्षा पास. आनंद व्हायला हवा होता, पण बसमध्ये बाईंचे डोळे सारखे भरून येत होते. दहा माणसं खांद्याला खांदा लावून जेवली आणि कुणी कुणासाठी थांबलं नाही. कुलदीपच एकदा बोलता बोलता म्हणाला होता, इकडं ज्याचं त्याचं जेवण वेगळं, माझं ऑफिसात, तेजश्रीचं तिच्या वेळेनं, ईशाचं शाळेत. तेव्हा बाईंनी ते कानाआड केलं होतं. आता कच्च्या माशांची धास्ती गेली आणि ही दुसरीच येऊन बसली.

रविवारी सकाळी फोन आला.

"खाल्लंस? जमलं का?"

"जमलं रे. ब्येस होतं."

"मग काढू तिकीट?"

"थांब जरा. मला एक सांग. मी तिकडं आले तर तू माझ्यासंगं जेवायला बसशील?"

"हे काय विचारणं झालं, आई? बसेन की."

"रोज?"

कुलदीप खोटं बोलणारा नव्हता. त्या घडीला बाईंना वाटलं, बोलला असता तर बरं झालं असतं.

"रोज नाही गं जमायचं. रविवारी बसू."

"दर रविवारी?"

"दर रविवारचं कबूल करत नाही. कधी कधी कामावर जावं लागतं. पण महिन्यातून दोन तरी नक्की."

बाईंनी फोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली. महिन्याला दोन. इथं तर एकही नाही.

"दोन तर दोन," त्या म्हणाल्या. "काढ तिकीट. फक्त कुठले दोन ते आदल्या दिवशी सांगत जा बाबा. नाही तर मी चारही रविवार बसून राहीन."