रविवारी अडखळणारी निळी गाडी

जर्मन गाड्या बाळगणाऱ्या माणसांना गाडीतलं काही कळत नाही, हे मत मी घाईने बनवलेलं नाही. तीन वर्षं रविवारी सकाळी पुनावळ्याजवळ महामार्गाच्या सर्व्हिस रोडला उभी राहून, अनेक कप चहा पिऊन बनवलं आहे.

मी चाकणला एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्स बघते. पत्र्याचे भाग ठोकणारी मोठी यंत्रं बंद पडली की ती का पडली हे शोधणं आणि लिहून ठेवणं हे माझं काम. कंपनीतल्या एका साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांची छोटी, चार सिलिंडरची, टर्बोवाली जर्मन गाडी मी घेतली. चालवायला ती फार चांगली आहे. चांगल्या गाडीबरोबर एक व्हॉट्सॲप ग्रुप येतो, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

ग्रुपात मुख्य धंदा तुलनेचा. चार सिलिंडर की सहा? मागच्या दोन चाकांवर ओढणारी गाडी बरी की चारही चाकांवर? कोणाची गाडी शंभरला आधी पोचते? हे सगळे लोक सोमवारी सकाळी मोशीच्या चौकात कंटेनरच्या मागे पहिल्या गिअरमध्ये बसलेले असतात. त्यांच्यातल्या एकाची गाडी सोसायटीच्या गतिरोधकावर पोट घासते म्हणून तो रोज गाडी तिरकी चढवतो, आणि वॉचमन शिट्टी वाजवून त्याला दिशा देतो. असा माणूस सस्पेन्शनवर दहा मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवतो. मी ते ऐकते. गाडीचा एखादा भाग कुठे मिळतो हे त्यात कधीतरी चुकून सापडतं.

रविवारची एक रीत होती. गाड्या रांगेत लावायच्या आणि सगळ्यांनी बॉनेटं उघडायची. कोणी हात आत घालत नसे. लग्नात रुखवत मांडतात तशी इंजिनं मांडलेली असत आणि लोक पुढून फिरत. "काय क्लीन ठेवलंय राव!" ही सर्वांत मोठी पावती. माझं इंजिन धुळीचं असे. पहिल्याच रविवारी एकाने मला विचारलं होतं, "मॅडम, मिस्टरांना वेळ मिळत नाही का?"

ग्रुपचे कर्ते म्हणजे दादा. पुनावळ्याचं जुनं शेतकरी घर, आता जमिनी आणि बांधकामं. त्यांच्याकडे निळी, सहा सिलिंडरची, खरोखर देखणी गाडी. दादांच्याच जागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचा मेकॅनिक काम करतो. त्याला सगळे उस्ताद म्हणतात. त्याचे वडीलही पिंपरीत मेकॅनिकच होते. एक लिफ्ट, हत्यारं टांगायचा एक फळा, आणि कान असा की गाडी दारात येईपर्यंत त्याला निम्मं कळलेलं असतं. मोठ्या सर्व्हिस सेंटरने नवीन भाग बदलायला सांगितलेला माझा टर्बो त्याने एक फाटका रबरी पाइप बदलून नीट केला. गाड्यांच्या बिघाडांची मी एक वही ठेवते; त्या दिवसापासून तिच्यात त्याचा शब्द वरच्या ओळीत असतो. असायला हवा होता, म्हणू.

दिवाळीनंतर निळी गाडी अडखळू लागली. चौथ्या गिअरमध्ये जोर दिला की धक्के बसत, इंजिनाचा दिवा लुकलुके, ताकद निघून जाई. शेवटच्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडत नव्हती. आठवडाभर आधीच उस्तादने गाडीची सर्व्हिस केलेली होती. पुढे संशय घ्यायला ग्रुपला एवढं पुरलं.

निदान करण्याची ग्रुपची पद्धत अशी: ज्याच्या गाडीत जे बिघडलं होतं, तेच सगळ्यांच्या गाडीत बिघडलेलं असतं. एक म्हणाला पेट्रोल पंप. दुसरा म्हणाला इंजेक्टर, त्याने ते बदलले होते. माण गावाकडच्या आयटी कंपनीत काम करणारा एकजण लॅपटॉप घेऊन आला, त्याने वायर जोडली आणि पडद्यावर जे लिहून आलं ते मोठ्याने वाचलं. "शेवटच्या सिलिंडरला मिसफायर." ठिणगी चुकतेय हे दादांना धक्क्यांवरून आधीच माहीत होतं. पण पडद्यावर आलं म्हणून टाळ्या पडल्या.

ठिणगी देणारी सगळी कॉइलं बदलली. तीन दिवस गाडी बरी. रविवारी पुन्हा अडखळली. स्पार्क प्लग जर्मनीहून मागवून बदलले. पुन्हा तसंच. मग लॅपटॉपवाला म्हणाला, "दादा, पार्ट ओरिजिनल आहेत. मग उरलं काय? हात."

"हात म्हंजी?"

"सर्व्हिस कोणी केली?"

दादांनी मान हलवली. पुढच्या रविवारी, उघड्या बॉनेटांसमोर, सगळ्यांच्या देखत त्यांनी उस्तादला बोलावून घेतलं.

"हे बघ, आमी तुला जागा दिली. बाहेर एवढ्यात कोन देतंय? आन् तू आमच्याच गाडीची वाट लावली व्हय?"

"शेठ, मी फक्त तेल आणि फिल्टर..."

"त्ये न्हाई मला म्हाईत. पुढच्या रईवारी गाडी अडखाळली, तर शेड खाली कर. दुसरं माणूस तयार हाय."

एकाने चहा मागवला. दादांना खूश ठेवलं की बाकीच्यांच्या बांधकामाची, पार्किंगची, पाण्याच्या टँकरची कामं सोपी होतात. मीही कप घेतला. माझ्याकडे पुरावा नव्हता, आणि पुराव्याशिवाय बोलायची मला सवय नाही. हे कारण तेव्हा मला पुरेसं वाटलं.

पण पुरावा गोळा करायची सवय होती. आमच्या ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये एक रकाना असतो: "बंद पडण्याआधी शेवटचं काय केलं?" ऑपरेटर तिथे नेहमी "काही नाही" लिहितात, आणि नव्वद टक्के वेळा कारण त्या "काही नाही"मध्येच असतं. त्याच दुपारी मी घरी ग्रुप उघडला. निळी गाडी अडखळल्याची दादांची प्रत्येक तक्रार दिवसासकट उतरवून काढली. दादा तक्रारीत कसूर करत नाहीत, त्यामुळे यादी पूर्ण होती. एका पानावर वार मांडले आणि वाईट दिवसांना लाल खूण केली.

रविवार लाल. सोमवार लाल. मंगळवारी एखादी खूण. बुधवार ते शनिवार पान कोरं.

यंत्राला वार कळत नाही. रविवारी जर काही होत असेल तर ते शनिवारी माणसाने केलेलं असतं. मी दादांना फोन लावला.

"दादा, शनिवारी गाडीचं काय करता?"

"कुठं काय? काय न्हाई."

"काहीच नाही?"

"आवं मॅडम, धुवून घेतो, बास. मेव्हण्यानं दिवाळीला सेंटर टाकलं ना. आतून-बाहेरून, इंजिनसकट, प्रेशरनं. रईवारी बॉनेट उघडायचं आसतं. घान दिसली तर आब राहील का?"

मी फोन ठेवला. कॉइल ज्या खोल भोकात बसतं, त्यात फवाऱ्याचं पाणी शिरत होतं. शेवटच्या सिलिंडरचं भोक मागे, काचेखालच्या कोपऱ्यात, म्हणून तिथे सर्वांत जास्त. दोन दिवस गाडीच्या उष्णतेने ते सुकायचं, बुधवारी गाडी शहाणी व्हायची, शनिवारी पुन्हा अंघोळ. आणि एवढी लाखमोलाची माणसं इंजिन दाखवता यावं म्हणून इंजिन बुडवत होती.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, माझी दुसरी शिफ्ट होती. सकाळी शेडवर गेले. निळी गाडी आदल्या दिवशी पुन्हा अडखळून तिथेच लावलेली होती. शनिवारी तिला धुतलं होतंच. मुदतीचे सहा दिवस उरले होते. उस्तादने एका कोपऱ्यात पाने आणि सॉकेट पोत्यात भरायला सुरुवात केली होती.

"उस्ताद, शेवटचं कॉइल काढा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, बोल्ट सोडला आणि कॉइल वर ओढलं. रबरी नळी ओली होती. तिच्यावर ठिणगीने जाळलेली बारीक पांढरी रेघ. आत बॅटरी मारली तर प्लगच्या भोवती पाणी चमकत होतं.

"पाणी!" मी म्हणाले. मला फार आनंद झाला होता.

"व्हय ताई, पाणी," तो म्हणाला. त्याला काहीच नवल वाटलं नव्हतं. "मी पहिल्याच आठवड्यात बोललो होतो. तुमी लिहून पण घेतलं होतं."

मी वही काढली. पाच पानं मागे माझ्याच अक्षरात होतं: "उस्ताद म्हणतात पाणी. पाऊस नाही, गाडी पाण्यातून गेलेली नाही. रद्द." आणि त्यावर पट्टीने मारलेली सरळ रेघ. ग्रुपातली माणसं निदान रेघ तरी वाकडी मारतात.

"परत का नाही बोललात?"

"शेठला बोललो. ते म्हणाले, मेव्हण्याच्या धंद्यावर उठला का? मग कोणाला बोलणार?"

मी मोबाइल काढून ओल्या कॉइलचा फोटो घेतला. शेजारी लाल खुणांचं पान ठेवून आणखी एक. दोन्ही ग्रुपवर टाकायचे आणि खाली एकच ओळ लिहायची, असं ठरवलं. ओळही तयार होती. त्या ओळीत दादा, मेव्हणा आणि लॅपटॉप तिघेही होते.

उस्तादने तेलकट हात मोबाइलच्या आडवा धरला.

"ग्रुपवर नका टाकू ताई."

"का? यात तुम्ही सुटता."

"ग्रुपात सुटतो. शेडमधून जातो. शेठला चारचौघांत खोटं पाडलं, तर गाडी चालली तरी ते मला ठेवणार न्हाईत. रोज माझं तोंड दिसलं की त्यांना तेच आठवणार."

"मग काय करायचं?"

"त्यांनाच सापडू द्या."

त्याने कॉइल होतं तसं बसवलं, हात पुसले आणि दादांना फोन केला. "शेठ, माझं डोकं चालंना. एकदा तुमी स्वतः नजर टाका. तुमच्या गाडीचा आवाज तुमच्याएवढा कोणाला कळतो?"

दादा अर्ध्या तासात आले. उस्तादने पाना त्यांच्या हातात दिला आणि मागे सरकला. मी लिफ्टच्या खांबाला टेकून उभी राहिले. दादांनी बोल्ट सोडायला बराच वेळ घेतला, कारण ते तो आवळत होते. उस्तादने नुसतं बोट उलट्या दिशेला फिरवलं. शेवटी कॉइल वर आलं.

"आरं, हे वलं कसं?"

उस्तादने नुसती बॅटरी पुढे केली.

"पानी हाय की आत!" दादांनी भोकात पाहिलं, कॉइलकडे पाहिलं, बॉनेटकडे पाहिलं. मी मनात म्हणत होते, शनिवार, शनिवार. कारखान्यात एखाद्या शिकाऊ माणसाला मी एवढा वेळ दिला नसता. "धुताना... धुताना जात आसंल का रं?"

"काय म्हणता शेठ!" उस्ताद म्हणाला.

"धुतानाच जातंय! दर शनवारी! म्हनून रईवारी!" दादांचा चेहरा उजळला. मग ते वळले. "एवढं साधं तुला कळंना व्हय? आन् मेकॅनिक म्हनवतो?"

"चुकलं शेठ."

मी खांब घट्ट धरून ठेवला होता. उस्तादने मान खाली घालून ते म्हटलं आणि लगेच कॉइल सुकवायला हवेचा पाइप आणला. त्याच्या आवाजात राग शोधायचा मी प्रयत्न केला. तो सापडला नाही. पोतं त्याने पायाने टेबलाखाली सरकवलं.

त्या दुपारी ग्रुपवर दादांचा सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. मिसफायर म्हणजे काय, पाणी आणि वीज यांचं नातं, आणि लॅपटॉपपेक्षा माणसाची नजर कशी मोठी. शेवटी, "उस्ताद चांगला हाय, पन त्याला दाखवावं लागतं. राहू द्या त्याला." सगळ्यांनी हात जोडले, फुलं टाकली. लॅपटॉपवाल्याने लिहिलं, "दादा, मला पण हाच डाउट होता." मी अंगठा टाकला. माझा अंगठा एवढा जड कधीच वाटला नव्हता.

पुढच्या रविवारी निळी गाडी एकदाही अडखळली नाही. दादांनी बॉनेट उघडलं, इंजिनावर आठवड्याची धूळ होती, आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते की खरा गाडीवाला इंजिन धुवत नसतो. त्याच्या पुढच्या रविवारी रांगेतली सगळी इंजिनं धुळीची होती. "काय रॉ ठेवलंय राव," एकजण दुसऱ्याला म्हणाला. माझ्या इंजिनाकडे पाहून तोच मिस्टरवाला माणूस म्हणाला, "मॅडम, तुम्हीपण फॉलो करायला लागलात का?"

चहा अर्धा सोडून मी शेडवर गेले. उस्ताद माझ्या गाडीची वाट बघत होता, ब्रेकचे पॅड बदलायचे होते. गाडी लिफ्टवर चढेपर्यंत मी वही उघडली. ती सरळ रेघ खोडता येत नव्हती, पेनाने मारलेली होती. म्हणून शेजारी नवीन ओळ लिहिली: कारण पाणी, शोधलं उस्तादने, पहिल्या आठवड्यात. त्याला ती दाखवली.

त्याने वाचलं, मान हलवली. "ताई, घरी वही कपाटातच ठेवता ना? कोणाच्या नजरेला पडत नाही ना?"

"कपाटातच. कोणी बघत नाही."

"मग चालेल," तो म्हणाला आणि चाकाचे नट सोडायला बसला.