मधले पत्ते कुठे गेले

स्वेटरबाईंबद्दल मी लिहावं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, कारण त्यांच्या शेजारच्या खोलीत मी इतकी वर्षं बसलो. पण शेजारी बसणं निराळं आणि ओळखणं निराळं. त्यांना गाणं आवडायचं की नाही, मला ठाऊक नाही. लग्न का केलं नाही हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही. त्यांनीही मला कधी काही खासगी विचारलं नाही, आणि बहुधा त्यामुळेच आमचं जमलं. त्या गेल्यावर सूचनाफलकावर त्यांचं पूर्ण नाव वाचलं, तेव्हा क्षणभर वाटलं, ह्या कोण बुवा? मला खात्रीने माहीत आहे ते एवढंच, की त्या नळी कशी धरायच्या. तेवढ्यावर जमेल तसं लिहितो. मला लिहायची सवय नाही.

आमची प्रयोगशाळा प्रथिनांचे आकार शोधते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांचे मणी ओवलेला एक लांब दोरा; तो ठरावीक तऱ्हेने स्वतःभोवती गुंडाळला गेला की कामाचा होतो. त्याचा आकार बघायचा तर आधी ते शुद्ध करून पाण्यात नितळ ठेवावं लागतं. हे बाईंचं काम. मी संगणकावर त्याच्या आकाराचं मॉडेल बांधायचो, म्हणून त्या मला ‘चित्रकार’ म्हणायच्या. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत उलगडलं नाही.

शुद्ध करायचं काम कोल्ड रूममध्ये चालतं. फ्रिजच्या पोटात शिरून बसल्यासारखी ती खोली. त्यामुळे बाहेर अंगाची लाही होत असली तरी बाईंच्या अंगात तपकिरी स्वेटर असायचा, कोपरांवर दुसऱ्याच रंगाच्या लोकरीने रफू केलेला. नाव तिथूनच पडलं. त्यांना ते माहीत होतं. फोनवर त्या स्वतःच सांगायच्या, "हां, स्वेटरबाई बोलतेय."

नोकरीला लागल्या तेव्हा त्यांच्या सरांनी त्यांच्या हाती एक प्रथिन सोपवलं. "याच्याकडे जरा बघ," म्हणाले आणि यथावकाश निवृत्त झाले. बाई बघतच राहिल्या. बाकीची कामंही त्या करायच्या, पण त्यांचं म्हणावं असं हे एकच. आणि ते काही केल्या नितळ राहायचं नाही. ताजं काढलं की पाण्यासारखं स्वच्छ, आणि थोड्या वेळाने गढूळ. त्याचे रेणू एकमेकांना चिकटून गोळे व्हायचे. चिकटलेल्याचा आकार दिसत नाही.

कोल्ड रूममधून बाहेर आल्या की त्या माझ्या खोलीच्या खिडकीशी यायच्या, कारण त्यांच्या खोलीला उजेड नव्हता. नळी दोन बोटांत वरच्या बाजूने धरायची, तळाला हात लावायचा नाही. बोटांची ऊब लागते. मग मान तिरकी करून बघायचं.

"आज काय म्हणतंय?" मी विचारायचो.

"रुसलंय."

रुसलंय म्हणजे नुसतं धुरकट झालंय. तळाशी पांढरा साका दिसला की त्या म्हणायच्या, नासलंय. रुसलेल्याची समजूत घालता येते, नासलेलं मोरीत ओतायचं, असा त्यांचा हिशेब होता. समजूत त्यांनी हरतऱ्हेने घातली. मीठ वाढवलं, मीठ कमी केलं, साखर घातली, आम्लता बदलली. "सगळे लाड करून झाले," त्या म्हणायच्या. "आता फक्त अंगाई म्हणायची राहिलीय."

आमचे साहेब वयाने लहान, माणूस सरळ. नवं मोठं यंत्र येणार होतं. कोणाचे नमुने त्यात जाणार आणि कोणाचे थांबणार, हे त्यांना ठरवायचं होतं. त्यांनी बाईंना माझ्याच खोलीत गाठलं.

"बाई, याच्या नाकदुऱ्या अजून किती काढायच्या?"

"निघेल हो रुसवा."

"यंत्र यायच्या आत निघाला तर ठीक. नाहीतर याचा फ्रीजर रिकामा करू आपण. आणि तुम्ही स्टोअर सांभाळा. थंडीत किती दिवस काढणार? तुमच्याच तब्येतीसाठी म्हणतोय."

"बरं," बाई म्हणाल्या.

साहेब गेले. बाई खिडकीशी तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चित्रकार, स्टोअरला खिडकी आहे का हो?"

"नाही बहुतेक."

"मग मी नळी कुठे धरणार?"

मी चष्मा पुसला.

त्यानंतर मी माझ्या बाजूने त्या प्रथिनाचं मॉडेल पुन्हा बांधायला घेतलं. दोऱ्यातल्या मण्यांचा क्रम दिला की संगणक त्याच्या घड्यांचा अंदाज करतो. त्यात एक जागा मला खटकत होती, पण आपलंच काहीतरी चुकलं असेल असं मला नेहमी वाटतं, म्हणून मी ते बोललो नव्हतो. बाईंनी चित्र बघायला मागितलं. सुट्टी होती, तेव्हा मी कागदावर छापून त्यांच्या घरी घेऊन गेलो.

दोन खोल्यांचं घर. बाई आणि त्यांच्या थोरल्या बहीण, ताई, अशा दोघीच राहायच्या. ताईंनी आयुष्यभर शिवणकाम केलं होतं, स्वेटरची रफू त्यांचीच. मला जेवायलाच बसवलं.

"भाऊ, हिला सांगा काहीतरी," ताई म्हणाल्या. "घरी आली तरी त्या नळीचंच. लेकरू असतं तर एव्हाना कमावतं झालं असतं."

"आणि तुझ्यासारखंच बडबडत बसलं असतं," बाई म्हणाल्या. "दाखवा हो चित्रकार."

मी कागद ताटाशेजारी ठेवला. "चूक असेल माझीच," मी सुरुवात केली. "पण हे बघा. दोरा असा येतो, असा वळतो, आणि हे चार मणी चार दिशांनी येऊन तोंडाला तोंड करून बसलेत. आणि मध्ये काहीच नाही. रिकामं."

ताईंनी भात वाढता वाढता वाकून पाहिलं. "पत्ते खेळत असतील."

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी घास खाली ठेवला.

"मग पत्ते कुठे गेले?"

"संगणक फक्त दोराच काढतो," मी म्हणालो. "दुसरं काही मध्ये असलं तरी तो दाखवत नाही."

"ते मला कळलं. मी विचारतेय, नळीतले पत्ते कुठे गेले?" आणि मग अगदी हळू म्हणाल्या, "मीच उचलले."

प्रथिन काढताना त्याला खाऊन टाकणारे विकर, म्हणजे एन्झाइम, हेही सोबत येतात. त्यातल्या काहींना धातू लागतो. म्हणून बाईंचे सर पाण्यात धातू पकडून ठेवणारं एक रसायन घालायचे. विकर उपाशी राहतात आणि प्रथिन वाचतं. सरांनी शिकवलं, बाईंनी इमानेइतबारे पाळलं. ते वाचवायचं औषध होतं, त्यामुळे इतके लाड बदलले तरी त्याला कोणी हात लावला नाही. आणि त्या चार मण्यांच्या मध्ये बसत होता जस्ताचा एक अणू. औषध विकरांबरोबर त्यालाही पळवत होतं. मधला आधार गेला की घडी सैल पडायची, आणि सैल पडलेले रेणू एकमेकांच्या गळ्यात पडायचे.

"अगं, जेव तरी," ताई म्हणाल्या.

"जेवतेय," बाई म्हणाल्या, पण त्या चित्राकडेच बघत होत्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी नव्याने प्रथिन काढलं. ते औषध घातलं नाही, चिमूटभर जस्ताचा क्षार घातला. नळी घेऊन खिडकीशी आल्या. दुपारी पुन्हा आल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. नळी रिकामी आहे की भरलेली कळू नये इतकी नितळ होती.

साहेबांनाही बोलावलं. त्यांनी नळी हातात घेतली. बाईंनी त्यांची बोटं तळावरून काढून वर ठेवली.

"एवढंच होतं?" साहेब म्हणाले. "मग इतकी वर्षं तुम्ही काय करत होतात, बाई?"

"सांभाळत होते," बाई म्हणाल्या.

त्यावर साहेब मोठ्याने हसले, बाईही हसल्या. स्टोअरचा विषय पुन्हा निघाला नाही. नमुना यंत्रात गेला आणि यथावकाश आकारही मिळाला. तो आता जिन्यापाशी भिंतीवर लावलेला आहे. मधला करडा गोळा म्हणजे जस्त. ताई एकदा बघायला आल्या होत्या. त्यांना तो बटणासारखा वाटला.

बाई कोल्ड रूममध्येच राहिल्या. मग गुडघ्याच्या उपचारासाठी रजेवर गेल्या आणि परत आल्या नाहीत. झोपेतच गेल्या, असं ताईंनी फोनवर सांगितलं. ताईंना आणखी काहीतरी विचारायला हवं होतं, पण मला फोनवर बोलता येत नाही.

रजेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बाई नेहमीसारख्या खिडकीशी आल्या. नळी बघितली.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"काहीच म्हणत नाही. गुणाचं झालंय." मग नळी आत ठेवून आल्या आणि स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. "चित्रकार, मी नसताना आत गेलात तर कोल्ड रूमचं दार ओढून घ्या हं. अर्धवट राहतं ते."

"हो."

"नुसतं हो नको. ओढा."

"ओढतो," मी म्हणालो.