पाडव्यानंतर ठेवा

राधाकिशन सरांचं डोकं वर्षातून दोनदा हमखास फिरायचं, जूनमध्ये आणि दिवाळीत. दोन्ही वेळा कारण एकच, सत्राचं नियोजन. तलवाड्याजवळच्या कॉलेजात ते गणित शिकवायचे. विज्ञान शाखेत कुठला विषय कधी शिकवायचा, प्रात्यक्षिकं कुठल्या महिन्यात घ्यायची, हे ठरवायचं लोढणं प्राचार्यांनी त्यांच्या गळ्यात अडकवलं होतं. काढा म्हटलं की प्राचार्य म्हणायचे, "तुमचं गणित चांगलं आहे." जसं काही हा गणिताचा प्रश्न होता.

प्रश्न उसाचा होता. विद्यापीठाच्या लेखी दुसरं सत्र दिवाळीनंतर सुरू व्हायचं आणि इथं नेमका तेव्हाच वर्ग ओस पडायचा. दसरा झाला की मजूर नेणाऱ्या मुकादमांचे ट्रक गावोगाव लागायचे आणि निम्मा वर्ग घरच्यांबरोबर ऊस तोडायला सांगली-कोल्हापूरकडे जायचा. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिकडच्या कारखान्यांचा पट्टा पडायचा, म्हणजे हंगाम संपायचा, मग ही पोरं परत. तोवर सर चार बाकांना आणि भिंतीवरच्या पालीला शिकवायचे. पोरं आल्यावर सगळं पुन्हा पहिल्यापासून. सर चिडायचे, खडू आपटायचे आणि पुन्हा शिकवायचे.

त्या वर्षी मात्र त्यांनी चंगच बांधला. त्याला कारण कौशल्या. चकलांब्याची ही मुलगी तिसऱ्या वर्षाला होती आणि गणित तिला असं सुटायचं की सरांना आपण बरे शिक्षक आहोत असं उगाच वाटायचं. आधीची दोन वर्षं घरच्यांनी तिला मागं ठेवलं होतं. यंदा भावजय बाळंत झाली. कोयता म्हणजे दोन माणसं, एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या. भाऊ शहादेव एकटा पडला, तेव्हा कौशल्याला जाणं भाग होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"सर, प्रात्यक्षिकं पाडव्यानंतर ठेवा. अन् ॲनालिसिस बी. बाकीचं मी वाचून घेते."

रिअल ॲनालिसिस हा त्या वर्षाचा सगळ्यात अवघड विषय, आणि प्रात्यक्षिकं केल्याशिवाय पदवी नाही. सरांनी रसायनशास्त्राच्या मॅडमना पटवलं, प्राचार्यांशी भांडण काढलं आणि सत्र चक्क उलटं केलं. सोपं ते आधी, अवघड ते पाडव्यानंतर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपलं नियोजन या मातीत बसतंय म्हणून ते दोन महिने खुशीत होते. घरात बायकोलासुद्धा नवल वाटलं.

पण पाऊस झालाच नव्हता. जानेवारीत विहिरींनी तळ दाखवला आणि सहकारी कारखान्याचे चेअरमन सुंदरराव यांनी कॉलेजच्या मैदानावर जनावरांची छावणी उघडली. कॉलेजही त्यांच्याच संस्थेचं, विचारायचं कुणी? मैदान गेलं, पाठोपाठ प्रयोगशाळेचा बोअर छावणीला जोडला गेला. प्राचार्यांनी जाहीर केलं की पाणी संपायच्या आत, शिवरात्रीपूर्वी, प्रात्यक्षिक परीक्षा उरकायच्या.

सर तडक सुंदररावांकडे गेले. "अहो, सगळी प्रात्यक्षिकं मी पाडव्यानंतर ठेवलीत. पोरं तिकडं उसात आहेत."

"मग जनावरं मरू द्यायची का, सर?" सुंदरराव शांतपणे म्हणाले. "पेपर पुढल्या साली बी देता येतो. बैल मेला की मेला."

सर तणतणत बाहेर पडले. त्यांनी शहादेवला फोन लावला. तिकडून त्याचा दमलेला आवाज आला, "दोघांचा कोयता हाय सर. ती आली तर मी तोडू का बांधू?" सरांनी फोन ठेवला. कौशल्याचं वर्ष आपल्याच शहाणपणानं बुडालं, हे त्यांना आतून खात राहिलं. विद्यापीठाच्या क्रमानं गेलो असतो तर निदान दोष विद्यापीठाचा असता. स्टाफरूममध्ये त्यांनी सगळ्यांना ऐकवलं, "पुढच्या वर्षीपासून छापील वेळापत्रक. आले तर आले, नाही तर गेले उडत."

आणि मग तिकडचाही ऊस दुष्काळानं संपला. पट्टा लवकर, शिवरात्रीच्याही आधी पडला. ट्रक परत आले, मागोमाग शहादेवसारख्यांच्या बैलगाड्यांवाल्या टोळ्या आल्या. गावात ना चारा ना पाणी, म्हणून त्या बैलांसकट थेट छावणीत उतरल्या. एका सकाळी सर वर्गात शिरले तर वर्ग गच्च भरलेला. इतकी वर्षं ज्या पोरांच्या नावानं ओरडलो ती समोर बसलेली, आणि अवघड ते सगळं अजून शिल्लक. आनंद व्हायच्या ऐवजी ते खेकसले, "आत्ता काहून आलात रे?"

मागच्या बाकावर कौशल्या होती. तिच्या हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे होते.

प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी नळ कोरडे. मॅडमनी हात वर केले, साधी काचसामग्री धुवायला पाणी नाही. सर पुन्हा सुंदररावांकडे निघाले, तेवढ्यात कौशल्या भरलेली बादली घेऊन आत आली. तिच्या मागं आणखी पोरं, प्रत्येकाच्या हातात बादली. छावणीत जनावरागणिक जे पाणी मिळायचं ते त्यांनी उचलून आणलं होतं.

"बैल तहानलेले ठेवलेस?" सर ओरडले.

"संध्याकाळच्या पाण्यावर भागवते सर. बैल थांबत्यात. परीक्षक थांबत न्हाई."

परीक्षा झाली. परीक्षक गेल्यावर सर खिडकीत उभे होते. खाली कौशल्या बैलांना पाणी पाजत होती, आणि बैल बादलीतून तोंड काढायला तयार नव्हते. तिनं वर पाहिलं.

"सर, पुढल्या साली बी पाडव्यानंतरच ठेवा."

"पुढच्या साली तू कुठं असणार आहेस इथं?"

"मी न्हाई. गावातल्या दोघी पहिल्या वर्षाला हायत. त्यांच्या घरी बी माणसं कमी हायत."

सरांनी खिडकी धाडकन लावून घेतली.

जूनमध्ये ते कपाळाला आठ्या घालून नियोजनाला बसले. अवघड विषयांसमोर त्यांनी 'पाडव्यानंतर' लिहिलं आणि खाली जोडलं, 'पट्टा आधी पडल्यास त्या दिवसापासून'. प्राचार्यांनी चष्मा सावरत विचारलं, "हे काय मध्येच?"

"गणित," राधाकिशन सर म्हणाले. "करा सही."