कमळाचं पिवळं कार्ड

चामोर्शीच्या बाजारात कमळा मासोळी विकते, पण कापून देते तिची सासू. कमळाचा उजवा हात मांडीवर नुसता पडून असतो.

आमच्याकडं सिकलसेलसाठी रक्त तपासलं की कार्ड देतात. रोग्याला लाल, चांगल्याला पांढरं, ज्याच्या रक्तात अर्धाच दोष, त्याला पिवळं. पिवळ्यावाल्याला सहसा काही होत नाही, पण कमळाची तीन लेकरं पोटातच गेली आणि दर खेपेला दवाखान्यानं कार्ड पाहून मान हलवली. सासू भागीरथा म्हणायची, "आमच्या धनराजचं कार्ड पांढरं हाय. खोट कुठी हाय ते दिसूनच राह्यलं."

चौथ्या खेपेला पाय सुजून खांब झाला. एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंनी कार्ड बाजूला सारलं, रक्त नागपूरला धाडलं. आजाराचं नाव लांबलचक होतं. कमळाला कळलं ते एवढंच, की आपलंच रक्त आपल्यावर उलटतं, गुठळ्या करतं, नाळेतसुद्धा. रोज पोटात इंजेक्शन घ्यायचं. "बाळंत झाल्यावरही सहा आठवडे," बाईंनी बजावलं.

कमळा मासोळीचे हात साबणानं घासायची, पोटाची चिमटी धरून सुई टोचायची. एक दिवस चुकला नाही.

दिव्यानी जिवंत जन्मली. भागीरथा पदर तोंडाशी धरून रडली.

पण बाळंतपण दुसऱ्या दवाखान्यात झालं. तिथल्या तरण्या डॉक्टरनं फक्त कार्ड पाहिलं.

"सर, माहं इंजेक्शन?"

"बाळ झालं ना? सिकलला ते लागत नाही. बंद करा."

"मले दुसरंच हाय, सर. थैलीतले कागद पाहा नं."

"बाई, डॉक्टर तू का मी?"

धनराजनं तिला दटावलं, "साहेबाले उलटून काऊन बोलतं?" घरी उरलेल्या सुया त्यानं स्वतः परत नेऊन दिल्या.

नवव्या दिवशी लेकराला पाजता पाजता कमळाचा हात गळला, तोंड वाकडं झालं. गुठळी मेंदूत गेली होती. आता रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, आणि वरचेवर तपासणी.

परवा नर्सबाई दिव्यानीचं कार्ड घेऊन आल्या. पिवळंच.

"मागं लिवा, बाई," कमळा जड जिभेनं म्हणाली. "आधी हिच्या मायले इचारा."

"कार्डावर असं नाई लिवत व!"

कमळानं त्यांचा पेन मागून घेतला आणि डाव्या हातात धरला.

"आण, मी लिवून देतो," धनराज म्हणाला.

तिनं दिला नाही. पहिलं अक्षर निघेपर्यंत नर्सबाईंचा चहा निवून गेला.