वीस पेट्यांचा नफा

गणित सुटावं म्हणून मी बारावीला बायोलॉजी घेतलं होतं. पण डॉक्टरकी मार्कांत हुकली, लातूरलाच बी.एस्सी.ला नाव घातलं, आणि कळलं की पहिल्या वर्षी कॉमर्सवाल्यांना आणि बायोलॉजीवाल्यांना मिळून कॅल्क्युलसचा एक पेपर आहे. दोन्हीकडचे गणिताला भिणारे एकाच दावणीला बांधले होते.

मला मात्र भिण्याची चैन परवडणारी नव्हती. भूकंपात निलंग्याकडचं आमचं घर पडलं तेव्हा माझा थोरला भाऊ नांदेडला कॉलेजात होता. दोघांना शिकवणं आता जमणार नाही, हे वडिलांच्या तोंडून निघायच्या आधीच दादा ट्रंक घेऊन परत आला. "तिला शिकू द्या," म्हणाला, "ती लई हुशार हाय." मग तो विटा उचलायला लागला. माझं एक वर्ष जरी वाया गेलं असतं, तरी मला त्याच्यासमोर उभं राहता आलं नसतं.

म्हणून मी क्लास लावला. तेव्हा लातुरात दर दुसऱ्या गल्लीत क्लास निघत होता. स्लॅबखाली पोरं बसवायला आईबाप धजत नव्हते, तर आमच्या सरांनी पत्र्याचा हॉल ठोकला होता. त्यात भूकंपाची भीती नव्हती, नुसतं शिजून निघायचं. गणित समजावण्यात सर वेळ घालवत नसत. ते उत्तर सांगत, आम्ही लिहून घेत असू आणि मग अख्खा हॉल ते मोठ्यानं म्हणत असे. "समजलेलं इसरतंय," सर म्हणत, "पाठ केलेलं इसरत न्हाई."

एक गणित असं होतं: केळीच्या x पेट्या विकल्या तर नफा चाळीस x वजा दोन x वर्ग. नफा जास्तीत जास्त व्हावा म्हणून किती पेट्या विकाव्यात? सरांचं उत्तर आलं वीस. हॉलनं तीनदा वीस म्हटलं आणि सुट्टी झाली.

संध्याकाळी खोलीवर मी सहज वीस पेट्यांचा नफा काढून पाहिला. शून्य आला. पुन्हा काढला, पुन्हा शून्य. घाईत सरांनी एका ठिकाणी चारच्या जागी दोन लिहिले होते. खरं उत्तर दहा. मी नऊ पेट्यांचा नफा काढला, अकरांचा काढला, दोन्ही दहाच्या नफ्यापेक्षा कमी भरले. म्हणजे नफा चढत जातो, दहावर टेकतो आणि उतरायला लागतो, आणि ती टेकायची जागा शोधायलाच हे सगळं लचांड आहे! मला इतका आनंद झाला की एकटीच हसत बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला गणित आवडलं.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन सरांकडे गेले. त्यांनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. "पेपर तपासनारे आपलेच दोस्त हायेत. मी दिलंय तेच लिही. जास्तीचं डोकं चालवू नको, बाई."

परीक्षेत नेमकं तेच गणित पडलं. हॉलभर आनंदाची कुजबुज झाली. मी पेन्सिलीनं कोपऱ्यात दहा लिहिले, दादा आठवला, दहा खोडले आणि पेनानं वीस लिहिले.

महिन्याभरानं कॉलेजात चौकशी बसली. आमच्या क्लासच्या सगळ्या पोरांच्या पेपरांत एकच चूक, त्याच ओळीत, त्याच शब्दांत. सामूहिक कॉपीचा संशय होता. तो खरा ठरला असता तर सगळ्यांचं वर्ष गेलं असतं. नांदेडहून एक प्राध्यापक बाई आल्या होत्या. त्या एकेकाला आत बोलवून फळ्यावर तेच गणित सोडवायला लावत. बाहेर आलेली माझी मैत्रीण कानात म्हणाली, "पाठ असलेलं जसंच्या तसं लिव्ह. तसं लिव्हलं की सोडायल्यात. माझ्या आधीचा इचार करत बसला, त्याला ठिवून घेतलंय."

मी आत गेले. बाईंनी खडू दिला. दहा लिहिले असते तर त्यांनी विचारलंच असतं, येत होतं तर पेपरात चुकलं कसं? येत असूनही सरांच्या सांगण्यावरून चुकीचं लिहिलं, म्हटलं असतं तर विश्वास कोण ठेवणार? मी सरांची उकल उतरवायला लागले. "आता इथं नीट ध्यान द्या" हे सरांचं मधलं वाक्यही मी न चुकता म्हटलं. शेवटी वीस लिहून दोनदा अधोरेखित केलं.

"वीसच का?" बाईंनी विचारलं.

"सरांनी सांगितलं."

"वीस पेट्यांचा नफा किती होतो?"

त्यांचा आवाज मायेचा होता. माझ्या ओठांवर शून्य आलं होतं, आणि मागोमाग दहाही आलं असतं. मला ते सांगायचं होतं.

"ते सरांनी सांगितलं नव्हतं," मी म्हणाले.

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कॉपी नाही केलीस तू," त्या म्हणाल्या. "पण पोरी, तुला गणितातलं काहीसुद्धा कळत नाही." आणि माझ्या नावापुढे त्यांनी बरोबरची खूण केली.

दादा गेटवर उभा होता, कामावरून तसाच आलेला, केसांत सिमेंट. "वर्ष?"

"वाचलं."

त्यानं पानटपरीवाल्याला, रिक्षावाल्याला, रस्त्यानं जाणाऱ्या एका अनोळखी म्हाताऱ्यालाही थांबवून सांगितलं, "आमच्या ताईची फळ्यावर परीक्षा घेतली, नांदेडच्या बाईनं! गणित सोडवून आली." मग तो माझ्याकडे वळला आणि त्याचा चेहरा पडला.

"आता गं? येत होतं न्हवं तुला? मग रडायलीस कशाला?"